खोळंब्याची बखर

घनसावंगीला संगणकाचा इतिहास शोधायला कोणी येत नाही. येतात ते जांबेला जाण्यासाठी. समर्थ रामदासांचे जन्मगाव आमच्याच तालुक्यात आहे आणि रामनवमीला त्या वाटेवर माणसांची रीघ लागते. एरवी आमचा मुलूख कापसाचा, मोसंबीचा आणि पाण्याची वाट पाहणाऱ्यांचा. अशा गावातल्या मराठीच्या एका मास्तराने, ज्याचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि ज्याने चार-दोन कादंबऱ्यांपलीकडे काही लिहिले नाही, त्याने दिवाळी अंकात यंत्रांच्या जाळ्याची बखर सांगायला बसावे, हे वाचकांना जरा धारिष्ट्याचे वाटेल. मलाही वाटते. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी आमच्या शाळेत जो खोळंबा झाला, त्याने मला असे काही छळले, की पुढे वर्षभर मी मिळेल तिथून या खोळंब्यांचा माग काढीत राहिलो. आणि मौज अशी की, आमच्या शाळेतला खोळंबा मुळीच नवा नव्हता. त्याचे थोरले भाऊ पन्नास-पन्नास वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांना रडवून गेले होते.

झाले होते असे. दुपारी तीनच्या सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन धापा टाकीत आली. तिची नोकरीसाठी निवड झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कागदपत्रांची तपासणी होती आणि शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत भिजून त्याचा लगदा झालेला. वडील दारातूनच हात जोडून म्हणाले, "गुर्जी, दुसरा दाखला आजच्या आज द्या. नाही तर पोरीचं सगळं केल्यालं पाण्यात जाईल बघा."

दुय्यम दाखला द्यायला तास पुरे. पण त्या वर्षांच्या जनरल रजिस्टराला वाळवी लागलेली. सुदैवाने वाळवीच्या आधी आम्ही त्यातल्या साऱ्या नोंदी संगणकात उतरवून घेतल्या होत्या. ज्या कार्यक्रमात त्या उतरवल्या तो मात्र फार जुना. नव्या संगणकावर तो चालेना. तेव्हा आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता पुण्यात हेच काम करतो, एक युक्ती केली होती. शिक्षकांच्या खोलीतल्या नव्या संगणकाच्या पोटात त्याने एक जुना संगणक बसवून दिला. पोटात म्हणजे खरोखरीचा नव्हे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आपण आभासी यंत्र म्हणू. पडद्यावर एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत वीस वर्षांपूर्वीचे एक्स-पी हिरव्या टेकडीसह अवतरते. तसलेच दुसरे यंत्र कारकुनांच्या खोलीत होते. नोंदींची मूळ फाईल मुख्याध्यापकांच्या संगणकात, आणि तिन्ही संगणक तारांनी एका छोट्या पेटीला जोडलेले. या पेटीला स्विच म्हणतात.

मी आभासी यंत्र उघडले, मुलीचे नाव घातले, कळ दाबली. पडद्यावर वाळूचे घड्याळ आले आणि तिथेच थांबले. यंत्र चालू, तार जागेवर, पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकताहेत, पण पान काही येत नाही. आपल्याकडे यावर एकच राष्ट्रीय औषध आहे: बंद करून पुन्हा चालू करणे. ते केले. एक पान आले, ते भलत्याच मुलाचे. दुसऱ्याला पुन्हा घड्याळ. मुलगी बाकाच्या टोकाला बसून होती. तिने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहणे टाळले.

त्या दुपारचे पुढे सांगतो. आधी हे आभासी यंत्र म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगणे भाग आहे.

ही कल्पना आजची नव्हे. १९६०च्या दशकात संगणक म्हणजे दालनभर पसरलेले, गडगंज किमतीचे यंत्र असे आणि ते एका वेळी एकाच माणसाच्या कामाला लागे. अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएमचे एक छोटे संशोधन केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि त्याच्या सोबत्यांनी असा बेत केला, की यंत्र एकच ठेवायचे, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला सबंध यंत्र आपल्याच मालकीचे आहे असा भास करून द्यायचा. जुन्या वाड्यात चार भाऊ नांदतात, पण प्रत्येकाच्या बायकोला वाटते की ओसरी, माजघर, विहीर सारे आपलेच, तसे. सासू एवढी हुशार असली पाहिजे, की दोघी एकाच वेळी विहिरीवर येता कामा नयेत. ही सासू म्हणजे त्यांचा सीपी-४० हा कार्यक्रम. तो १९६७ साली चालू झाला. त्यातूनच पुढे २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम-३७० जाहीर केले. नंतर संगणक स्वस्त झाले, घरोघर आले आणि वाडा वाटून घेण्याची गरज कोणाला उरली नाही. ही विद्या जवळजवळ अडगळीत पडली. १९९८ साली डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी व्हीएमवेअर नावाची कंपनी काढून ती पुन्हा वर काढली, आणि पुढच्याच वर्षी साध्या टेबलावरच्या संगणकातही यंत्राच्या पोटात यंत्र चालू लागले.

या विद्येची परिभाषा मला फार आवडली. बाहेरच्या खऱ्या यंत्राला म्हणतात यजमान आणि पोटातल्याला पाहुणा. पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊक नसते, हीच सारी गंमत. तो हिशेब करतो तो यजमानाच्याच मेंदूने, पण बाहेरच्या जगाशी बोलण्याचे त्याचे कार्ड मात्र निव्वळ कागदोपत्री असते. खऱ्या कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. बारा अंकाक्षरांचा हा पत्ता जगात दुसऱ्या कोणाचा नसावा असा संकेत आहे. कार्डावर अशी कुंडली कोरलेली असते म्हणा ना. आभासी कार्डाला कारखाना कुठला? त्याचा पत्ता यजमानाचा कार्यक्रम मनानेच ठरवतो आणि एका लहानशा फाईलीत लिहून ठेवतो. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता खोळंब्यांकडे वळू. यंत्रांच्या जाळ्याचा जन्मच मुळी खोळंब्याने झाला. २९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने साडेतीनशे मैलांवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाला पहिला निरोप पाठवायला घेतला. शब्द होता 'लॉगिन'. त्याची पहिली दोन अक्षरे, एल आणि ओ, पोचली आणि तिसऱ्याला पलीकडचे यंत्र कोसळले. तासाभराने सारे सुरळीत झाले. आज ज्या जाळ्यात सारे जग अडकले आहे त्यातला पहिला निरोप असा अर्धवट आहे.

पण ते साधे कोसळणे झाले. खरा खोळंबा निराळा. त्यात काहीही कोसळत नाही, काही मोडत नाही, सगळे शाबूत असते आणि तरीही काही हलत नाही. तो आधी ओळखला रॉबर्ट कान या गणितज्ञाने. जाळ्यावरची टपालयंत्रे बांधण्याचे काम बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीकडे होते आणि कान तिथेच काम करीत असे. मोठा निरोप असला की त्याचे आठांपर्यंत तुकडे करायचे, ते सुटे सुटे पाठवायचे आणि पलीकडच्या टपालयंत्राने सगळे गोळा करून, जोडून, मग पुढे द्यायचे, अशी योजना होती. कान म्हणाला, हे एक दिवस अडणार. सोबत्यांना ते पुस्तकी वाटले.

कानचे म्हणणे आपण लग्नाच्या रूपाने पाहू. एका गावाच्या वेशीत मैदान आहे, त्यात सोळा गाड्या मावतात. नियम असा, की एका वऱ्हाडाच्या आठही गाड्या आल्याखेरीज ते वऱ्हाड मांडवाकडे सोडायचे नाही. एकाच मुहूर्तावर चार वऱ्हाडे निघाली. प्रत्येकाच्या चार-चार गाड्या आधी पोचल्या. मैदान भरले! आता उरलेल्या गाड्या वेशीबाहेर उभ्या, कारण आत जागा नाही. आणि आतल्या गाड्या हलत नाहीत, कारण बाहेरच्या आलेल्या नाहीत. बैल धडधाकट, गाडीवान शुद्धीवर, रस्ता उत्तम, पण मुहूर्त मात्र टळणार. १९७०च्या आरंभी कान आणि डेव्ह वॉल्डन लॉस एंजेलिसला गेले आणि मुद्दाम तशा वाहतुकीचा मारा करून त्यांनी जाळे खिळवून दाखवले. त्यावर जो इलाज केला तो आपल्याकडची कोणीही जाणती बाई सांगेल: निघण्याआधी निरोप धाडून आठ गाड्यांची जागा राखून घ्यायची, आणि मगच बैल जुंपायचे.

याच सुमारास शास्त्रज्ञांना उमगू लागले, की हा दोष कोणत्या एका भागात नसून दोघांच्या मध्ये असतो. हॉलंडच्या डाइक्स्ट्राने १९६५ सालीच त्याला प्राणघातक मिठी असे नाव दिले होते. आपल्याला धृतराष्ट्राची मिठी ठाऊक आहे, पण त्या मिठीत एकजण तरी जिंकणार होता. इथे दोघेही एकमेकांना सोडत नाहीत आणि दोघेही बसून राहतात. मिठी सोडवण्यासाठी डाइक्स्ट्राने रेल्वेच्या हातदाखव्यासारखी एक खूण सुचवली. आणि इथे या बखरीत एक पाटील येतो, म्हणून मला विशेष आनंद आहे.

सुहास पाटील हे १९४४ साली जमशेदपुरात जन्मले, खरगपूरच्या आयआयटीत शिकले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले. १९७१ साली त्यांनी एक कोडे मांडून दाखवले, की डाइक्स्ट्राचे हातदाखवे एकट्याने सगळे खोळंबे सोडवू शकत नाहीत. मूळ कोड्यात सिगारेट ओढणारे तीन इसम आहेत. दिवाळीचा अंक घरातली मुलेही वाचतात, तेव्हा मी सिगारेटच्या जागी विडा घेतो. एकाजवळ नागवेलीची पाने हवी तितकी आहेत, दुसऱ्याजवळ सुपारी, तिसऱ्याजवळ चुना. यजमान दर खेपेस ताटात कोणत्या तरी दोन वस्तू ठेवतो. समजा पान आणि सुपारी ठेवली. विडा चुनेवाल्याचा व्हायला हवा. पण सुपारीवाला झडप घालून पान उचलतो आणि चुन्याची वाट पाहत बसतो. पानवाला सुपारी उचलतो आणि तोही चुन्याची वाट पाहतो. चुनेवाल्यापुढे रिकामे ताट. आणि विडा झाल्याशिवाय यजमान पुढचे काही ठेवणार नाही. चौघे भले माणूस, चौघे खिळलेले. चार वर्षांनी डेव्हिड पार्नासने उत्तर दिले, की हातदाखव्यांना दोष नाही, पाटलांनी कोड्याला घातलेल्या अटीच जास्त कडक आहेत. वाद विद्वानांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण आजही जगभरची मुले संगणकशास्त्र शिकताना या कोड्याशी झुंजतात. पाटलांनी पुढे अमेरिकेत कंपनी काढली, तीच सिरस लॉजिक या नावाने चिप बनवण्यात नावारूपाला आली.

तिसरा खोळंबा २७ ऑक्टोबर १९८०चा. अमेरिकेचे ते सबंध जाळे त्या दिवशी काही तास बंद पडले. टपालयंत्रे एकमेकांना आपली हालहवाल कळवीत आणि प्रत्येक खबरीवर ० ते ६३ यांतला एक क्रमांक असे, म्हणजे कोणती खबर नवी आणि कोणती शिळी ते कळावे. ६३ नंतर पुन्हा शून्य. घड्याळात बारानंतर एक, तसे. एका बिघडलेल्या यंत्राच्या स्मरणातून एखादा ठिपका गळाला आणि एकाच खबरीच्या तीन प्रती तीन क्रमांकांनी फिरू लागल्या: ४४, ४० आणि ८. आता गोल मोजणीच्या नियमाने ४४ ही ४०हून नवी, ४० ही ८हून नवी, आणि ८ ही ४४हून नवी! प्रत्येक टपालयंत्र इमानाने नवी खबर शेजाऱ्याला देई, शेजारी पुढची नवी परत देई, आणि या रहाटगाडग्यात खऱ्या टपालाला वाव उरला नाही. एखादे यंत्र बंद करून चालू केले तरी शेजारी ताबडतोब त्याच्या ओटीत त्याच तीन खबरी घाली. आमच्या राष्ट्रीय औषधाचा तिथे काही उपयोग झाला नाही. शेवटी यंत्रांना शिकवावे लागले, की अमक्या यंत्राच्या खबरीकडे लक्षच देऊ नका.

डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाला अशाच एका जाळ्याच्या चमत्कारिक वागण्याचा छडा लावायचा होता. त्याने एका संध्याकाळी बसून एक छोटा कार्यक्रम लिहिला: पलीकडच्या यंत्राला हाळी द्यायची, ते प्रतिध्वनीसारखे उत्तर देते का आणि किती वेळात, ते पाहायचे. पाणबुडी समुद्रात आवाज सोडून अदमास घेते, त्या आवाजावरून त्याने नाव ठेवले पिंग. चाळीस वर्षे झाली. आजही जगातला कोणताही खोळंबा तपासायला बसले, की पहिली हाळी तीच.

आणि १९८६चा ऑक्टोबर. बर्कलेतल्या दोन संस्थांमध्ये अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांच्यामधली वाहतूक सेकंदाला ३२,००० ठिपक्यांवरून ४०वर आली. चाळीस ठिपके म्हणजे पाच अक्षरे. तरबेज टंकलेखक तेवढी सेकंदाला बडवतो. झाले असे, की पोच वेळेवर आली नाही की प्रत्येक यंत्र तेच टपाल पुन्हा पाठवी. त्याने गर्दी वाढे. गर्दीने पोच आणखी उशिरा येई. मग पुन्हा पाठवणे. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून जातो, त्यामुळे मला हे समजावून घ्यायला फार कष्ट पडले नाहीत. पाणी कमी दिसले की प्रत्येकजण आपले दार आणखी उघडतो, आणि शेपटाच्या शेतकऱ्याला ओलसुद्धा मिळत नाही. व्हॅन जेकबसन याने १९८८ साली इलाज प्रसिद्ध केला. आधी थोडेच पाठवा, पोच येईल तसे वाढवा, आणि टपाल हरवले की ते गर्दीचे लक्षण समजून मुकाट्याने हात आखडा. हा नियम सक्तीने कोणी पाळून घेत नाही, यंत्रे आपापल्या जागी पाळतात, आणि म्हणून आजचे जाळे उभे आहे. कालव्यावर अजून जेकबसन यायचा आहे.

आपल्या देशात याच १९८६च्या सुमारास आयआयटी, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा मोजक्या संस्थांत अर्नेट नावाने जाळे विणायला सुरुवात झाली. सर्वसामान्यांना ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

आभासी यंत्रांनी खोळंब्यात आपली भर घातलीच. सुरुवातीला पाहुण्याला जे कार्ड दाखवीत ते एखाद्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल असे. पाहुणा भाबडा, त्याला ते खरेच वाटे. पण त्या नाटकात यजमानाचा जीव मेटाकुटीला येई. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेलने २००८ साली नाटकच बंद केले. पाहुण्याला सरळ सांगायचे, की बाबा, तू पाहुणा आहेस; हा मधला चौरंग, तू टपाल इथे ठेव आणि घंटा वाजव, मी उचलीन. काम झपाट्याने होऊ लागले. पण एखाद वेळी घंटा वाजते आणि यजमानाला ऐकूच येत नाही. मग पाहुणा चौरंग रिकामा होण्याची वाट पाहतो आणि यजमान घंटेची. लखनौच्या नबाबांची आगगाडी 'पहिले आप' म्हणता म्हणता सुटली, त्यातलाच प्रकार. अशा वेळी कार्डाचा नमुना बदलून पाहतात, किंवा घंटेवर विसंबून न राहता मधून मधून चौरंगावर डोकावायला लावतात.

आता घनसावंगीला परत येतो.

चार वाजले होते. मी पुण्याला त्या विद्यार्थ्याला फोन लावला. मी म्हणालो, "अरे, यंत्र बिघडलंय." तो म्हणाला, "गुर्जी, बिघडलंय असं आधीच ठरवू नका. बंदबी करू नका आता. जसं अडलंय तसंच राहू द्या, आपण बघू." मला ते विचित्र वाटले. पुढे या साऱ्या बखरी वाचल्यावर त्याचा अर्थ कळला. बंद करून चालू केले की खोळंबा सुटतो खरा, पण त्याच्या पावलांचे ठसेही पुसले जातात.

त्याने मला हाळी द्यायला लावली. पाहुण्या यंत्रातून मुख्याध्यापकांच्या संगणकाला पिंग केले. उत्तर आले, उत्तर आले, मग काही नाही, काही नाही, पुन्हा उत्तर. मग म्हणाला, ती चौकट बाजूला सारा आणि बाहेरच्या यजमान यंत्रातून तीच हाळी द्या. सगळी उत्तरे आली, एकही चुकले नाही. "म्हणजे तार चांगली, पेटी चांगली, सरांचा कॉम्प्युटरबी चांगला. अडलंय ते आतल्यातच. आता सांगा, हे कधी अडतं अन् कधी अडत नाही?"

मी आठवू लागलो. सकाळी अडत नाही. संध्याकाळी उशिरा बसलो तर अडत नाही. दुपारी कारकून चहाला गेले की चालते. मी हे सांगता सांगताच मनात म्हटले, की कारकुनांचा आणि माझ्या यंत्राचा काय संबंध? फोनवर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "त्यांचं आतलं मशीन बंद करायला सांगा. बाकी कशाला हात लावू नका. एका वेळी एकच."

कारकुनांनी आपली चौकट मिटली. माझ्या पडद्यावर उत्तरे ओळीने येऊ लागली. पुन्हा उघडली, तर पुन्हा खिंडार. मग त्याने दोघांना आपापल्या आभासी कार्डाचा पत्ता वाचायला सांगितले. मी शिक्षकांच्या खोलीत, कारकून व्हरांड्याच्या त्या टोकाला, मध्ये शिपाईमामा उभे. मी एक अक्षर ओरडायचे, मामांनी ते पलीकडे पोचवायचे, पलीकडून 'तेच हाय' अशी पोच यायची. बाराच्या बारा अक्षरे तीच निघाली. मुलीचे वडीलही एव्हाना उठून दारात आले होते. ते म्हणाले, "एका गावात एका नावाचे दोन असले की मनिऑर्डरीचं असंच हुतंय."

अगदी तसेच झाले होते. ती छोटी पेटी एक वही ठेवते: अमका पत्ता अमक्या दाराशी. ज्या दारातून तो पत्ता शेवटचा बोलला, तिथे ती त्याचे टपाल टाकते. मी बोललो की माझ्याकडे, कारकून बोलले की त्यांच्याकडे. माझ्या मुलीचे पान कारकुनांच्या यंत्राकडे जाई, ते 'हे माझे नव्हे' म्हणून टाकून देई, आणि मी वाळूच्या घड्याळाकडे बघत बसे. आणि कोणतेही यंत्र तक्रार का करीत नव्हते? कारण जाळ्यावरचे घरक्रमांक वाटणाऱ्या यंत्राने एक पत्ता पाहून दोघांना एकच घरक्रमांक दिला होता. दोघांना आपल्यासारखा दुसरा आहे हे कळायला मार्गच नव्हता.

इलाज दोन मिनिटांचा. कारकुनांचे आतले यंत्र बंद केले, कार्डाच्या रकान्यात नवा पत्ता घेण्याची कळ दाबली, पुन्हा चालू केले. दोन्ही चौकटी एकदम उघड्या ठेवून मी मुलीचे नाव घातले. पान आले. जन्मतारीख, आईचे नाव, तुकडी, शेरा 'वर्तणूक चांगली'. दाखला छापला, मुख्याध्यापकांची सही झाली, शिक्का उमटला. शाई वाळेपर्यंत मुलगी कागदावर फुंकर घालीत उभी होती. सव्वापाचची एसटी त्यांना मिळाली. तपासणी नीट पार पडल्याचा तिचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

त्या संध्याकाळी मी पुण्याला आभार मानायला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "पण गुर्जी, एक कळंना. मी तुम्हाला एकच मशीन बसवून दिलं होतं. दुसरं कुठून आलं?"

मी सांगितले, की कारकुनांचीही अडचण होत होती म्हणून मीच ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्या संगणकात घातली. तुला कशाला त्रास, असा विचार केला.

"मग पहिल्यांदा उघडताना त्यानं तुम्हाला विचारलं असंल. हे मशीन तुम्ही हलवलंय, का कॉपी केलंय? तुम्ही काय उत्तर दिलं?"

विचारले होते खरे. इंग्रजीत, दोन बटणे दाखवून. मला ते लख्ख आठवले. आता वाचकहो, आमच्या शाळेच्या दारावर कॉपीमुक्त परीक्षेचा फलक आहे. बावीस वर्षे मी परीक्षेच्या खोलीत पोरांच्या बाह्या तपासल्या आहेत. यंत्राने तोंडावर विचारले, की कॉपी केली का, आणि माझे बोट आपोआप दुसऱ्या बटणावर गेले. मी 'हलवले' असे उत्तर दिले होते. त्या यंत्राला वाटले, तोच गडी आहे, घर बदलले आहे. त्याने जुना पत्ता तसाच राहू दिला.

हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटले, लाईन गेली. मग हसू आवरीत तो म्हणाला, "गुर्जी, जिंदगीत एकदाच कॉपी केली म्हणून सांगायची वेळ आली होती."